तडा थांबवायला त्याच्या टोकाला भोक का पाडतात?

झुवारीकाठ (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:४०

झुवारीच्या काठावर बार्ज दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात मी दीड वर्ष सुपरवायझर आहे. सध्या एक जुनी खनिजवाहू बार्ज स्लिपवेवर ओढून घेतलीय. तिच्या हॅचच्या, म्हणजे माल ओतायच्या डेकवरच्या तोंडाच्या, एका कोपऱ्यातून तडा निघालाय. मोजला, १६ सेंटीमीटर भरला. मला वाटलं होतं की सरळ गाउजिंग करून, म्हणजे तडा खरवडून खाच काढून, वेल्ड भरायचं. पण आमच्या मेस्तनी (मिस्त्रींनी) आधी ड्रिल मागवलं आणि तडा जिथे संपत होता तिथे २० मिलिमीटरचं भोक पाडलं. का, विचारलं तर म्हणाले, "पयलीं ताका थांबय, मागीर शिंव." आधी त्याला थांबव, मग शिव.

चांगल्या पत्र्याला भोक पाडून तो मजबूत कसा होतो, हे डोक्यातून जाईना. रात्री वाचत बसलो. १९१३ साली इंग्लिस नावाच्या इंग्रज इंजिनिअरने लंबगोल भोकाभोवतीच्या ताणाचं गणित सोडवलं. पत्रा ओढला की गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो. भोक लांबट आणि टोकदार होत गेलं की तो वाढत जातो. किती वाढतो? तड्याच्या लांबीला टोकाच्या त्रिज्येने भागायचं, वर्गमूळ काढायचं, दुप्पट करायचं आणि १ मिळवायचा. (तडा कडेपासून निघाला असेल तर पूर्ण लांबी घ्यायची, पत्र्याच्या मधोमध असेल तर निम्मी.)

आमच्या तड्याला हे लावून पाहिलं. टोकाची त्रिज्या मिलिमीटरचा शंभरावा भाग धरली तर ताण जवळजवळ अडीचशे पट. मेस्तच्या भोकाची त्रिज्या १० मिलिमीटर. १६० भागिले १० म्हणजे १६, वर्गमूळ ४, दुप्पट ८, अधिक १. नऊ पट! अडीचशेवरून नऊवर, एका भोकाने.

पण इथेच अडलो. नऊ पट हाही काही थोडा ताण नाही. मग भोक पाडून आपण तडा थांबवला की नुसता लांबवला? जाणकारांनी लिहावं, प्लीज.

सुईदोरा
सोमवार, रात्री १०:१५

मी इंजिनिअर नाही, शिवणकाम करते. कुर्त्याचा साइड कट जिथे संपतो तिथे आम्ही आडवे दोन-तीन टाके घेतो किंवा आतून तिकोनी तुकडा लावतो. नाहीतर बाईकवर टांग टाकताना तो कट कमरेपर्यंत फाटत जातो. फाटतो तो नेहमी टोकापासून, मधून कधीच नाही. तुमचे मेस्त 'शिव' म्हणाले ते अगदी बरोबर शब्दात म्हणाले.

ओहोटी
सोमवार, रात्री ११:५०

फार चांगला धागा. बरीच वर्षं हा विषय शिकवतोय, त्यामुळे थोडं लांब लिहितो.

इंग्लिसचं गणित बरोबर आहे, पण त्यात एक कोडं दडलंय. टोकाची त्रिज्या शून्याकडे नेली की ताण अनंताकडे जातो. मग काचेवरच्या साध्या ओरखड्यानेही काच आपोआप फुटायला हवी, ती तर फुटत नाही. हे कोडं ग्रिफिथने सोडवलं. तो इंग्लंडात फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात होता. १९२१ मध्ये छापलेल्या निबंधात त्याने प्रश्नच बदलला. टोकाशी ताण किती, हे न विचारता त्याने विचारलं की तडा थोडा पुढे सरकला तर जमाखर्च काय होतो.

जमा म्हणजे ताणलेल्या पदार्थात साठलेली ऊर्जा. तडा पुढे सरकला की त्याच्या आजूबाजूचा भाग सैल पडतो आणि ती सुटते. खर्च म्हणजे तड्याचे दोन नवे पृष्ठभाग तयार करायला लागणारी ऊर्जा. खर्च लांबीच्या प्रमाणात वाढतो, जमा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून छोट्या तड्याला पुढे जाणं परवडत नाही. एका ठरावीक लांबीनंतर मात्र दर पावलाला खर्चाहून जमा जास्त होते, आणि मग तो कुणाला विचारत नाही, धावत सुटतो. ग्रिफिथने काचेच्या नळ्यांवर आणि फुग्यांवर मापाचे तडे पाडून ते फोडले. फुटतानाचा ताण गुणिले लांबीचं वर्गमूळ हा आकडा प्रत्येक वेळी जवळपास तेवढाच आला.

पोलादात मात्र हा हिशोब तसाच चालत नाही. तिथे टोकाजवळ धातू वितळल्यासारखा वाहतो, आणि त्यात खर्ची पडणारी ऊर्जा पृष्ठभागाच्या ऊर्जेच्या हजारो पट असते. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या आयर्विनने १९५० च्या दशकात हे हिशोबात धरलं आणि 'के' ही राशी दिली. के म्हणजे ताण गुणिले (π गुणिले तड्याची निम्मी लांबी) याचं वर्गमूळ. ती पदार्थाच्या चिवटपणाच्या आकड्याला पोचली की तडा सुटला. एक चौरस मीटर तडा पाडायला काचेला ८ ज्यूलच्या आसपास पुरतात, काँक्रीटला साधारण १००, चांगल्या पोलादाला ५० हजार. काच पोलादासारखी कठीण असूनही आपण तिला ठिसूळ का म्हणतो, ते या तीन आकड्यांत आहे.

आता तुमचा प्रश्न. भोकाने टोकाची धार मारली, हे खरं. पण तड्याची लांबी तेवढीच राहिली, उलट भोकाएवढी वाढली. सुटू पाहणारी ऊर्जा जागच्या जागी आहे. भोकाच्या कडेला नवा तडा जन्मायला वेळ लागतो, तेवढा अवधी तुम्हाला मिळाला. एकदा का तो जन्मला की तो १६ सेंटीमीटरचाच वारसा घेऊन निघेल.

पाचर
मंगळवार, सकाळी ७:०५

ओहोटीसर, एक शंका. आमच्याकडे लाकडं फोडताना पाचर ठोकली की फट थोडी पुढे जाते आणि थांबते. परत ठोकली की परत थोडी. धावत सुटत नाही. मग जमेचं गणित तिथे कुठे जातं?

ओहोटी
मंगळवार, सकाळी ८:३०

@पाचर, याच शंकेची मी वाट पाहत होतो. पाचर फटीचं तोंड ठरावीक रुंदीएवढंच उघडते. फट लांबली की तेवढ्याच रुंदीसाठी दोन्ही फाका कमी वाकतात, म्हणजे साठलेली ऊर्जा झपाट्याने उतरते आणि तडा थांबतो. ओब्रेइमॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १९३० मध्ये अभ्रकाचे पापुद्रे असेच पाचरीने सोडवून पृष्ठभागाची ऊर्जा मोजली होती. पण त्याच फाकांना वजन टांगलंत तर उलटं होईल. फट लांबली तरी वजन कमी होत नाही, फाका जास्तच वाकतात, आणि तडा आरपार जातो. म्हणून 'हा तडा धोक्याचा आहे का' याचं उत्तर नुसत्या तड्याकडे बघून देता येत नाही. त्याला कोण ओढतंय आणि कसं, ते आधी बघावं लागतं.

शेवंती
मंगळवार, दुपारी १:२०

आमचं डिचोलीजवळचं घर जुनं, चिऱ्याचं. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय. दर पावसाळ्यानंतर बुजवतो, दर वर्षी परत येते. वरचं सगळं वाचून आता भीती वाटायला लागली. ही पण एक दिवस धावत सुटेल का?

कातळ
मंगळवार, दुपारी ३:००

शेवंतीताई, घाबरू नका. खिडकीचा कोपरा आणि बार्जच्या हॅचचा कोपरा एकाच कुळातले. ताण कोपऱ्यात गोळा होतो, म्हणून भेग तिथूनच निघते. पण चिऱ्याची भिंत किंवा काँक्रीट काचेसारखं वागत नाही. त्यातल्या भेगेला धारदार टोक नसतंच. टोकाच्या पुढे बारीक बारीक भेगांचा पट्टा असतो, खडी अजून दोन्ही बाजू धरून असते. हिलरबोर्ग या स्वीडिश इंजिनिअरने आपल्या सहकाऱ्यांसोबत १९७६ मध्ये यासाठी वेगळं मॉडेल मांडलं. भेग उघडली तरी तिच्या दोन्ही कडा एकमेकींना काही काळ ओढून धरतात आणि भेग रुंदावत जाईल तसतशी ही ओढ कमी होत शून्यावर येते, असं त्यात धरलेलं असतं. काँक्रीटच्या भेगांचं आजचं बरंचसं कॉम्प्युटर-गणित याच कल्पनेवर उभं आहे.

तुमच्यासाठी करायची गोष्ट सोपी आहे. यंदा भेग बुजवू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलीने बारीक आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा. पट्टी फुटली तर भिंत अजून हलतेय. पावसात उघडते आणि उन्हात मिटते असं दिसलं तर ओलीचा खेळ आहे, गटार आणि पायाजवळचं पाणी बघा. एकाच दिशेने वाढत राहिली तर मात्र पाया खचतोय. तेव्हा माणूस बोलवा. दर वर्षी बुजवून तुम्ही पुरावाच पुसताय.

आणि एक, थोडं विषयाबाहेरचं. जुलै १९८६ मध्ये मांडवीचा पूल पडला तेव्हा मी शाळेत होतो. पणजी-बेती फेरीबोटीच्या रांगा अजून आठवतात. तिथे आतल्या ताण दिलेल्या केबल गंजल्या होत्या. गंज जागा जास्त घेतो, आतून काँक्रीट फोडतो, भेगेतून आणखी खारं पाणी आत जातं. आपल्याकडे तड्याचा विचार खाऱ्या हवेला वगळून करता येत नाही, हे मला तेव्हापासून कळलं. सिव्हिलला जायचं ठरवलं तेही तेव्हाच.

कीमन
मंगळवार, रात्री ८:४५

रेल्वेत रुळांच्या देखभालीत नोकरी झाली, शेवटची वर्षं मडगावच्या बाजूला काढली. आमचा सगळा जन्म तड्यांच्या मागे गेला.

लांब जोडलेल्या रुळाला आकसायला जागा नसते. ज्या तापमानाला तो बसवला त्याच्याखाली पारा एक अंश उतरला की रुळात सुमारे २.४ मेगापास्कल ओढ वाढते. २० अंश उतरला की ४८. म्हणून रूळ तुटतात ते थंडीच्या पहाटे. गोव्यात ती थंडी नाही, पण मी आधी घाटावर होतो. तिथे डिसेंबरात पहाटे बंदुकीसारखा आवाज ऐकलाय. फिशप्लेट (रुळाची दोन टोकं जोडणारी पट्टी) आणि क्लॅम्प घेऊन धावायचं.

तुटलेल्या रुळाचा काप बघितला की सगळी गोष्ट लिहिलेली असते. डोक्याच्या आत एक काळपट, गुळगुळीत, अंड्याच्या आकाराचा डाग आणि बाकीचा काप खडबडीत, चकचकीत. डाग म्हणजे कित्येक महिने चाकाखाली हळूहळू वाढलेला तडा. खडबडीत भाग एका क्षणात गेलेला. डागावर कधीकधी वर्तुळाकार रेषा दिसतात, ओहोटीचं पाणी उतरताना वाळूवर सोडून जातं तशा. अल्ट्रासॉनिकची गाडी रुळावरून ढकलत न्यायची ती हा डाग लहान असताना सापडावा म्हणून. वरून काही दिसत नाही.

सर्व्हे_रिपोर्ट
मंगळवार, रात्री १०:३०

जहाजांचे हुल, म्हणजे बाहेरचं अंग, तपासणं हे माझं काम. @झुवारीकाठ, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. भोक पाडून वेल्ड भरून बार्ज पाण्यात सोडणार असाल तर ती दुरुस्ती नाही, उसनी वेळ आहे.

तड्याने जहाज कसं जातं याचं सर्वात भयंकर उदाहरण १६ जानेवारी १९४३ चं. पोर्टलंड, ओरेगॉन. 'स्केनेक्टडी' हा नवाकोरा टँकर धक्क्याला बांधलेला. पाणी शांत, हवा गारठलेली, रात्र. मोठा आवाज झाला आणि जहाज मधोमध तडकलं. डेक फाटला, दोन्ही बाजू फाटल्या, फक्त तळाचा पत्रा राहिला. त्या काळात घाईने बांधलेल्या वेल्डेड जहाजांत असे तडे पुष्कळ गेले, आणि अनेकदा सुरुवात हॅचच्या चौकोनी कोपऱ्यात. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की ते पोलाद थंडीत ठिसूळ होत होतं. शिवाय रिव्हेटच्या जुन्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेला येऊन थांबायचा. वेल्डिंगने सगळे पत्रे एकसंध झाले, तड्याला कड उरलीच नाही.

आता हिशोब बघा. ताण १०० मेगापास्कल धरा. चिवटपणाचा आकडा (ओहोटींनी लिहिलेला, के ज्याला पोचली की तडा सुटतो तो; मेगापास्कल गुणिले मीटरचं वर्गमूळ या एककात) १०० असेल तर तडा सुमारे ६४ सेंटीमीटर लांब होईपर्यंत पत्रा टिकतो. तोच आकडा ४० वर आला, खराब वेल्डमध्ये येऊ शकतो, तर १० सेंटीमीटरलाच सुटतो. हे पत्र्याच्या मधल्या तड्याचं गणित. कोपऱ्यात ताण जास्त, तिथे याहून कमी धरा.

झुवारीचं पाणी कोमट, म्हणून थंडीने पत्रा ठिसूळ व्हायची भीती आपल्याला नाही. आपला शत्रू थकवा. बार्ज भरली, वाकली. मुरगावला जाऊन रिकामी झाली, उलटी वाकली. प्रत्येक फेरीला तडा केसाच्या अंशाने पुढे. पॅरिस या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या सुमारास याचा नियम दिला. फेरीमागची वाढ के च्या चढ-उताराच्या घाताने वाढते, आणि पोलादाला तो घात ३ च्या आसपास. चढ-उतार दुप्पट झाला तर वाढ आठपट. उलट बाजूने पाहा, ताण २० टक्के उतरवला तर आयुष्य जवळजवळ दुप्पट. खाऱ्या पाण्यात वाढ आणखी वेगाने होते.

म्हणून कोपरा कापा, गोल कोपऱ्याचा नवा पत्रा बसवा, वेल्ड घासून गुळगुळीत करा. आणि सगळ्यात आधी, तुमचं भोक खरोखर टोकावर आहे का ते तपासा. डोळ्याला दिसतं तिथे तडा संपत नाही.

चौथंवर्ष
बुधवार, दुपारी १२:१०

मी फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला आहे. प्रोजेक्टसाठी असाच कोपऱ्यातला तडा सॉफ्टवेअरमध्ये काढला. टोकाशी ताण ४८० मेगापास्कल आला. गाईडने मेश (गणितासाठी पत्र्याचे जे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडतात त्यांची जाळी) बारीक करायला सांगितली. एलिमेंट निम्मे केले तर ६७९. परत निम्मे, ९६०. परत, १३५८. कुठे थांबायचं? उत्तर स्थिर होतच नाही. तीन आठवडे गेले.

ओहोटी
बुधवार, दुपारी २:४०

@चौथंवर्ष, तुझे आकडे इतके सुंदर आहेत की मी ते वर्गात दाखवणार. ६७९ भागिले ४८० किती? १.४१. पुढचंही १.४१. दोनचं वर्गमूळ. टोकाजवळ ताण अंतराच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणून अंतर निम्मं केलं की ताण १.४१ पट. तुझं सॉफ्टवेअर चुकत नाहीये, ते अनंताकडे प्रामाणिकपणे चाललंय. तू त्याला चुकीचा प्रश्न विचारतोयस.

टोकावरचा ताण मागू नकोस. के माग, किंवा जे-इंटिग्रल, म्हणजे टोकाकडे जाणाऱ्या ऊर्जेचं माप, माग. १९६८ मध्ये राइसने दाखवलं की टोकाभोवती कुठूनही वाट काढून हा हिशोब केला तरी उत्तर तेच येतं. म्हणजे टोकाच्या त्या अवघड बिंदूला हातच लावायचा नाही, लांबून प्रदक्षिणा घालून यायचं. दोन-तीन वेगवेगळ्या वाटांनी काढ, आकडा जुळला की मेश पुरेशी आहे. टोकाला लागून असलेल्या एलिमेंटचे मधले नोड (कडांवरचे बिंदू) टोकाच्या बाजूला पाव अंतरावर सरकव, मग साध्या मेशवरही चांगलं उत्तर येतं. ही युक्ती १९७० च्या दशकातली आहे आणि अजून तेवढीच कामाची.

तडा वाढताना दाखवायचा असेल तर पुढची पायरी. दर पावलाला नवी मेश काढायची कटकट १९९९ मध्ये बेलिट्श्को आणि सहकाऱ्यांनी सोडवली. त्यात तडा एलिमेंटच्या पोटातून आरपार जाऊ शकतो. पण तडा फुटला, त्याला फाटे आले की तेही जड जातं. मला मनापासून आवडते ती फेज-फील्ड पद्धत. फ्रँकफोर्ट आणि मारिगो यांनी १९९८ मध्ये ग्रिफिथचा जमाखर्च पुन्हा मांडला. एकूण ऊर्जा सर्वात कमी होईल अशी वाट तड्याने स्वतः शोधावी. फेज-फील्डमध्ये तडा ही रेघ नसते, शून्य ते एक अशी हळूहळू बदलणारी 'मोडलेपणाची' पातळी असते. तडा कुठून निघेल, कुठे वळेल, कुठे दुभंगेल, हे आधी सांगावं लागत नाही. ग्रिफिथच्या मूळ हिशोबात तडा आधीपासून असावा लागतो. शाबूत पत्र्यात तो जन्मतो कसा, यावर तो गप्प आहे. इथे तेही बोलता येतं.

कातळ
बुधवार, सायंकाळी ६:००

इथे मला सरांशी थोडं भांडायचंय. फेज-फील्डमध्ये तो तडा किती जाडीत पसरवायचा, ती लांबी कुठून आणता? ती बदलली की तडा जन्मायचा ताण बदलतो. मेश त्या लांबीच्या निम्म्याहून बारीक हवी, मोठ्या गर्डरला ते परवडत नाही. चित्रं सुरेख येतात, आणि मुलं चित्रांवर विश्वास ठेवतात, ही माझी खरी काळजी.

ओहोटी
बुधवार, रात्री ९:१५

काळजी रास्त आहे. ती लांबी मनाने निवडायची गोष्ट नाही, हे मी वर लिहायला हवं होतं. पदार्थाची ताकद आणि चिवटपणा, दोन्ही मोजलेले असतील तर त्यातून ती ठरवता येते, आणि मग ती गणिताची सोय न राहता पदार्थाचा गुण होते. मोजमाप नसेल तर चित्र दाखवू नये, इथे तुमच्याशी सहमत. पण तुमच्या काँक्रीटलाही लांबी लागतेच ना? बाझांत यांनी १९८४ मध्ये दाखवलं की तोच आकार मोठा केला की तो कमी ताणाला मोडतो, कारण भेगेपुढच्या पट्ट्याची लांबी तेवढीच राहते. प्रयोगशाळेतल्या क्यूबचा (काँक्रीटच्या चाचणी ठोकळ्याचा) आकडा पुलाला तसाच लावता येत नाही, तो यामुळे.

कातळ
बुधवार, रात्री ९:५०

हे मान्य. पट्टा मोजायचा, मग मॉडेल.

शेवंती
गुरुवार, सकाळी १०:००

रेघा मारल्या, तारीख घातली, काचेची पट्टी चिकटवली. सासूबाई म्हणाल्या, भिंतीवर काय लिहितेस? त्यांनाही धागा वाचून दाखवला. त्यांनी सांगितलं की भेग पहिल्यांदा आली ती मागच्या अंगणातली विहीर बुजवली त्या वर्षी. हे मला माहीतच नव्हतं.

कातळ
गुरुवार, सकाळी १०:२०

शेवंतीताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ही सगळ्यात महत्त्वाची माहिती आहे. भेग विहिरीच्या बाजूच्या भिंतीला आहे का, आणि तिरकी कुठल्या दिशेला झुकलीय, एवढं कळवा.

झुवारीकाठ
रविवार, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला कारण आठवडा पत्र्यावरच गेला.

सर्व्हे_रिपोर्ट यांनी लिहिलं तसं तपासलं. कोपरा घासून साफ केला, लाल डाय (तड्यात शिरणारा रंग) मारला, पुसला, पांढरी पावडर उडवली. दहा मिनिटांनी भोकाच्या पलीकडे लाल रेघ उमटली. ११ मिलिमीटर. भोक टोकाच्या अलीकडे पडलं होतं, तडा त्यातून आरपार पुढे गेलेला. मेस्त बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग स्वतः दुसरं भोक मारलं, रेघेच्या टोकापुढे, आणि मला म्हणाले की यापुढे प्रत्येक वेळी डाय आधी, ड्रिल मागाहून. चाळीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाने असं म्हणावं, याने मला फार बरं वाटलं.

मालकांशी बोलून कोपरा पूर्ण कापला. आधीचा कोपरा जवळजवळ काटकोनी होता. नव्या पत्र्याला ३०० मिलिमीटरची गोलाई दिलीय, वेल्ड शुक्रवारी घासून झालं, परत डाय मारला, स्वच्छ.

कापलेला तुकडा मी टाकू दिला नाही. तडा जिथे संपत होता तिथून तो वाकवून उघडला. कीमनदादा, तुम्ही लिहिलंत तसंच आहे. कोपऱ्याजवळ गंजाने काळा, पुढे तांबूस, आणि आम्ही मोडला तो भाग चकचकीत. तांबूस पट्ट्यात भिंगाखाली रेषा दिसतात, सतरापर्यंत मोजल्या, पुढे गंजाने खाल्ल्यात.

@चौथंवर्ष, तुकडा ऑफिसच्या कपाटात ठेवलाय. शनिवारी दुपारनंतर काम कमी असतं, बघायला ये. सेफ्टी शूज घालून ये, आणि मेस्तसाठी तुझ्या मेशचं प्रिंट आण. 'तडा कॉम्प्युटरात कसा दिसतो' हे त्यांनी दोनदा विचारलंय.